उसन्या उजेडावर जगणारा मासा

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी पावसाच्या तोंडावर झाडाझुडपांत चमकणारे काजवे नक्कीच पाहिले असतील. काहींनी तर ते पकडून काडेपेटीत कोंडले असतील आणि सकाळी पेटी उघडून निराशही झाले असतील. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या वसाहतीतील वीज गेली. आम्ही गच्चीवर बसलो असताना माझ्या आठवीतल्या मुलीने विचारले, "पप्पा, काजव्यासारखा उजेड पाडणारा मासा असतो का हो?" मी ऐटीत उत्तर दिले, "असतो तर! आणि काजव्यासारखाच तोही स्वतःचा उजेड स्वतः तयार करतो."

मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत लिपिक. विज्ञानाचा माझा संबंध शालान्त परीक्षेपुरता. तरीही उत्तर दिल्यावर मनाला चुटपूट लागली. ग्रंथालयात जाऊन वाचू लागलो तेव्हा कळले की माझे अर्धे उत्तर बरोबर होते आणि अर्धे साफ चूक. बँकेत चुकीची नोंद पडली तर ती खोडून चालत नाही, दुरुस्तीची नोंद करावी लागते. प्रस्तुत लेख ही माझी तशी दुरुस्तीची नोंद आहे असे वाचकांनी समजावे.

हा मासा कोणता?

इंग्रजीत याला फ्लॅशलाइट फिश म्हणतात. आपण ज्या वस्तूला बोलीत बॅटरी म्हणतो तिला मराठीत विजेरी हा सुंदर शब्द आहे, म्हणून या लेखापुरते आपण त्याला विजेरी मासा म्हणू. याच्या अनेक जाती आहेत, पण आपल्याला दोन घराण्यांची ओळख पुरेशी आहे. पहिले घराणे फोटोब्लेफॅरॉन. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ उजेडाची पापणी असा होतो. हा सुमारे १२ सेंटीमीटर लांबीचा, काळसर, आखूड अंगाचा मासा. याची एक जात इंडोनेशिया आणि पश्चिम पॅसिफिकच्या बेटांभोवती आढळते. दुसरी तांबड्या समुद्रात आणि हिंदी महासागराच्या पश्चिम भागात राहते. दुसरे घराणे अ‍ॅनोमॅलॉप्स. हे मासे फिलिपाईन्स आणि इंडोनेशियापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेले असून थव्याने राहतात.

दोघांची खूण एकच. प्रत्येक डोळ्याच्या खाली घेवड्याच्या दाण्यासारखा एक पांढुरका अवयव असतो. दिवसा तो विशेष काही वाटत नाही. अंधारात मात्र त्यातून निळसर हिरवा उजेड बाहेर पडतो. समुद्राच्या पाण्यात तांबडा रंग लवकर नाहीसा होतो आणि निळा सर्वांत दूर पोचतो. तेव्हा दिव्याचा हा रंग पाण्याच्या हिशेबाने अगदी योग्यच म्हटला पाहिजे.

दोन पाळ्यांची वस्ती

हा मासा राहतो कुठे, हे समजल्याशिवाय त्याचा दिवा समजणार नाही. त्याचे घर म्हणजे प्रवाळभित्ती. प्रवाळ म्हणजे पोवळे. पोवळ्याचे इवलेसे मऊ प्राणी समुद्रातील चुना घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधतात. ते मेल्यावर त्यांच्या घरांवर पुढची पिढी आपले घर बांधते. अशी हजारो वर्षे गेली की पाण्याखाली डोंगरासारखी भिंत उभी राहते. तिच्यात कपारी, बोगदे, गुहा, कोनाडे यांना गणती नसते. महासागराच्या तळाचा एक टक्कासुद्धा भाग या भित्तींनी व्यापलेला नाही, पण समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींचा आसरा तिथेच आहे. मुंबईची चाळही इतकी दाट वसलेली नसेल!

एवढ्या दाटीत सर्वांचे भागते कसे? गिरणीत जशा पाळ्या असत तशाच इथेही पाळ्या आहेत. दिवसपाळीला रंगीबेरंगी मासे बाहेर असतात. सूर्य मावळला की ते कपारींत शिरतात. काही पोपट मासे तर झोपण्यापूर्वी स्वतःभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात निजतात. त्यानंतर थोडा वेळ भित्तीवर सामसूम होते, आणि मग रात्रपाळी सुरू होते. मोठ्या डोळ्यांचे तांबडे मासे गुहांतून बाहेर येतात. पाण्याखाली तांबडा रंग काळाच दिसत असल्यामुळे तो त्यांना लपायला उपयोगी पडतो. सापासारखे दिसणारे मोरे मासे शिकारीला निघतात. खोल पाण्यातले सूक्ष्म जीव रात्री वर येतात. रात्रपाळीतल्या पुष्कळांचे जेवण तेच असते.

विजेरी मासा या रात्रपाळीतलाही सर्वांत लाजाळू कामगार आहे. दिवसभर तो गुहेत किंवा खोल पाण्यात असतो. रात्र झाली म्हणजे तो लगेच बाहेर येतो असेही नाही. चांदणे असेल तर तो आतच थांबतो. अमावास्येच्या आसपासची रात्र असेल, किंवा चंद्र उगवायचा असेल अथवा मावळला असेल, तरच तो निघतो. फोटोब्लेफॅरॉन उथळ भित्तीवर बहुधा जोडीने दिसतो आणि आपला ठराविक टापू राखतो. अ‍ॅनोमॅलॉप्सचे थवे गडद रात्री खालून वर चढतात. पाणबुडे सांगतात की तेव्हा भित्तीवरून ताऱ्यांचा पुंजका वाहत चालल्यासारखा भास होतो.

दिवा बंद करण्याच्या दोन तऱ्हा

हा दिवा काजव्यासारखा आतून चालू-बंद होत नाही, हे मला सर्वांत नवलाचे वाटले. तो अहोरात्र जळतच असतो. मग मासा तो बंद कसा करतो? झाकून.

फोटोब्लेफॅरॉनमध्ये दिव्याच्या खालच्या कडेला काळ्या कातडीची घडी असते. दिवा बंद करायचा असला की ती वर ओढली जाते, दुकानाचे शटर खालून वर ओढावे तशी. अ‍ॅनोमॅलॉप्सची पद्धत निराळी आहे. त्याचा दिवा पुढच्या बाजूने एका लवचीक दांडीवर बसवलेला असतो. मासा तो संपूर्ण दिवाच खाली फिरवतो आणि डोळ्याखालच्या खिशात उजेडाची बाजू आत करून ठेवतो. बाहेर दिसते ती फक्त दिव्याची काळी पाठ. कंदिलाची वात खाली न करता कंदीलच भिंतीकडे फिरवावा, असा हा प्रकार. दिव्याच्या पाठीमागे स्फटिकांचा चकचकीत थर असतो, तो उजेड पुढे परतवतो. त्याच्यामागे काळा थर असतो, म्हणून उजेड माशाच्या स्वतःच्या डोळ्यात शिरत नाही. विजेरीतही बल्बच्या मागे चकचकीत वाटी असतेच की!

उजेड कोणाचा?

आता माझ्या चुकीकडे येतो. काजव्याचा उजेड त्याच्या स्वतःच्या शरीरातील रसायनांतून निघतो. हा मासा मात्र उजेडाचा एक कणही स्वतः तयार करत नाही. त्याच्या दिव्यात बारीक नळ्या असतात, आणि त्या नळ्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात. प्रकाश देतात ते जिवाणू. ज्याला आपण माशाचा दिवा म्हणतो तो खरे पाहता जिवाणूंनी भरलेली खोली आहे.

न्यूटन हार्वे या अमेरिकन शास्त्रज्ञाने इंडोनेशियातील बांदा बेटांवर या माशांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९२२ साली प्रसिद्ध झाले. हा उजेड सतत असतो, त्याला प्राणवायू लागतो, आणि सर्व बाबतींत तो प्रकाश देणाऱ्या जिवाणूंसारखाच वागतो, हे त्याने दाखवले. एवढ्यासाठीच तर दिव्याला रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मासा रक्तातून अन्न आणि प्राणवायू पुरवतो, राहायला सुरक्षित जागा देतो. जिवाणू त्याबदली उजेड देतात. याला शास्त्रात सहजीवन म्हणतात.

हा करार किती घट्ट आहे हे अलीकडे कळले. अ‍ॅनोमॅलॉप्सच्या जिवाणूंच्या सर्व जनुकांचे वाचन २०१४ साली प्रसिद्ध झाले. मोकळेपणाने जगणाऱ्या त्यांच्या नातेवाईक जिवाणूंच्या तुलनेत यांची जनुकसंपत्ती सुमारे ८० टक्क्यांनी घटलेली आढळली. ज्या गोष्टी मासा पुरवतो त्या स्वतः बनवण्याची कला हे जिवाणू विसरून गेले आहेत. प्रयोगशाळेतील बशीत ते वाढवता येत नाहीत. मात्र पोहण्याची आणि दिशा शोधण्याची जनुके त्यांनी जपून ठेवली आहेत. त्यावरून शास्त्रज्ञ असे मानतात की माशाच्या दिव्यातून काही जिवाणू पाण्यात सुटतात आणि नव्या पिढीतील मासे ते आजूबाजूच्या पाण्यातून मिळवतात. म्हणजे आईबापांकडून रक्ताबरोबर दिवा मिळत नाही. तो वस्तीतून मिळवावा लागतो.

या करारात दुसरी बाजूही तितकीच बांधलेली आहे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅनोमॅलॉप्सची उपासमार झाली की त्याचा प्रकाश नाहीसा होतो, असे दिसून आले. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. माशाच्या पोटात अन्न नसेल तर भाडेकरूही उपाशी राहतात आणि दिवा मालवतो. आणि दिवा मालवला की अंधारात भक्ष्य शोधणे आणखी अवघड होते. उपाशी माणसाची हत्यारे गहाण पडावीत, तशीच ही गत नव्हे काय?

एका दिव्याची अनेक कामे

मग या उजेडाचा माशाला उपयोग काय? जेम्स मॉरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातील फोटोब्लेफॅरॉनचे निरीक्षण करून १९७५ साली जो अहवाल लिहिला त्यात एकाच दिव्याची चार कामे सांगितली आहेत.

पहिले काम पाहण्याचे. समोरचे भक्ष्य दिसावे म्हणून तो दिवा वापरतो. दुसरे काम आमिषाचे. पाण्यातील सूक्ष्म जीव उजेडाकडे ओढले जातात आणि आयतेच तोंडाशी येतात. तिसरे काम जीव वाचवण्याचे, आणि ते मोठे गमतीचे आहे. शत्रू मागे लागला की मासा दिवा उघडा ठेवून एका दिशेने पोहतो, मग एकदम दिवा झाकतो आणि त्याच क्षणी दिशा बदलतो. शत्रू उजेड जिथे जाणार असे वाटत होते तिथे झेप घेतो, आणि दिवा उघडतो तो भलतीकडेच. लहानपणी लपाछपीत आपण एका बाजूला खडा टाकून दुसऱ्या बाजूला पळत असू, त्यातलाच हा प्रकार. चौथे काम बोलण्याचे. जोडीच्या टापूत परका मासा शिरला तर घरचा मासा दिवा झाकून त्याच्याजवळ जातो आणि अगदी जवळून एकदम दिवा उघडतो. परका मुकाट्याने निघून जातो.

२०१७ साली जर्मन संशोधकांनी टाकीत ठेवलेल्या अ‍ॅनोमॅलॉप्सवर प्रयोग केले. रात्री भक्ष्य नसताना हे मासे मिनिटाला सुमारे ९० वेळा दिव्याची उघडझाप करत होते. पाण्यात जिवंत भक्ष्य सोडताच उघडझाप कमी झाली आणि दिवे बराच वेळ उघडे राहू लागले. शोधायची वस्तू जवळ आली की आपणही बॅटरी हलवणे थांबवून उजेड एका जागी धरतो, तसेच हे.

२०१९ साली सॉलोमन बेटांजवळच्या मोठ्या थव्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंधारात शेकडो मासे एकत्र कसे पोहतात, हा प्रश्न होता. उत्तर असे मिळाले की थव्यातील अवघ्या ५ टक्के माशांनी दिवे उघडले तरी सारा थवा एकत्र राहू शकतो. शंभरात पाच दिवे पुरतात, बाकीचे त्यांच्या खुणेने चालतात. मोर्चात सर्वांच्या हाती मशाल लागत नाही, हे आपल्यातील जुन्या कार्यकर्त्यांना मी काय सांगावे?

बांदा बेटे : जायफळ, ज्वालामुखी आणि दिवे

वर ज्या बांदा बेटांचा उल्लेख आला त्यांचा आपल्या स्वयंपाकघराशी जुना संबंध आहे. श्रीखंडात आणि पुरणात घालतो ते जायफळ आणि मसाल्यातील जायपत्री ही मूळ याच चिमुकल्या बेटांची देणगी. या जायफळासाठी १६२१ साली डच कंपनीने तिथल्या रहिवाशांची भीषण कत्तल केली, हाही इतिहास विसरता येत नाही.

याच बेटांवरील कोळी विजेरी माशाला फार पूर्वीपासून ओळखतात. माशाचा दिवा कापून ते गळाच्या वर बांधत आणि रात्री मासेमारी करत. मासा मेला तरी आतले जिवाणू लगेच मरत नाहीत, म्हणून कापलेला दिवा कित्येक तास उजेड देतो.  शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे सिद्ध करतो त्याचा अर्धा भाग कष्टकऱ्याला आधीच ठाऊक असतो, याचे हे एक उदाहरण.

बांदाची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथल्या गुनुंग आपी या ज्वालामुखीचा १९८८ साली उद्रेक झाला. तापलेला लाव्हा समुद्रात शिरला आणि त्याच्या वाटेतील प्रवाळ नष्ट झाले. आता इथे पिढ्यान्‌पिढ्या काही उगवणार नाही, असे कोणालाही वाटले असते. पण पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी पाहिले तेव्हा थंड झालेल्या लाव्ह्यावर १२४ जातींचे प्रवाळ होते आणि त्यांनी ६० टक्क्यांहून अधिक भाग झाकला होता. शेजारची भित्ती जिवंत होती, पाणी स्वच्छ होते, म्हणून घर पुन्हा उभे राहिले. निसर्ग जखम भरून काढतो, पण त्यासाठी शेजार शाबूत लागतो.

अंधारही वस्तीच आहे

आज प्रश्न आहे तो शेजार शाबूत राहण्याचाच. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. तेही एक सहजीवनच असते, आणि ते तुटले की प्रवाळ उपाशी पडते. फार काळ असे राहिले तर ते मरते. जगभर पसरलेले असे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले. २०२३ पासून चौथे सुरू झाल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले, आणि २०२५ पर्यंत जगातील ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला त्या उष्णतेची झळ पोचली होती. शिवाय इंडोनेशियासारख्या देशांत सुरुंग लावून मासे मारण्याने कितीतरी भित्तींचा चुरा झाला आहे. भिंत पडली की कपार जाते, आणि कपार गेली की दिवसा लपणाऱ्याने जायचे कुठे?

दुसरे संकट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे उजेडाचे. किनाऱ्यावरची हॉटेले, धक्के, बोटी यांचे दिवे रात्रभर पाण्यावर पडतात. ज्या माशाला चांदणेसुद्धा चालत नाही, त्याच्या दारात झगझगीत दिवे लावले तर त्याची रात्र उगवणारच कशी? आपण उजेड म्हणजे चांगला आणि अंधार म्हणजे वाईट असे सहज बोलून जातो. माणसाच्या अज्ञानाबद्दल बोलताना ते बरोबर आहे. पण निसर्गात अंधार ही काही उणीव नाही. अनेक जिवांची ती जागा आहे, आणि कपारीइतकीच त्यांना तिची गरज आहे.

हे सगळे दूरच्या बेटांपुरते आहे असे मात्र समजू नये. आपल्या विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक नावाचे पठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिलेले आहे. माझ्या बँकेशी त्याचा संबंध नाही, तिथे खातेही उघडता येत नाही, पण प्रवाळांची मोठी ठेव तिथे आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहेत, आणि तो भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तिथे सहलीला गेलो तर प्रवाळावर पाय देऊ नये, आठवण म्हणून तुकडा मोडून आणू नये, समुद्रात कचरा टाकू नये, एवढे तरी आपण आणि आपल्या मुलांनी पाळावे. याला पैसा लागत नाही.

शेवटी माझ्या नोंदीकडे वळतो. वाचन झाल्यावर मी मुलीला बोलावून सांगितले, "बाळ, मी त्या रात्री चुकलो. त्या माशाचा उजेड त्याचा स्वतःचा नसतो. तो त्याच्यात राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. मासा त्यांना सांभाळतो, म्हणून त्याला उजेड मिळतो." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग तो उसना कसा, पप्पा? रोज भाडे भरतोच की तो." मी लेखाचे शीर्षक आधीच संपादकांना कळवले होते. त्यामुळे ते तसेच राहिले आहे. वाचकांनी ही आणखी एक दुरुस्ती नोंदवून घ्यावी.